संत्र्याची बाग आणि गाईम्हशींचा कोठा असलेल्या शेतात घर बांधायचे आहे. आराखडा कोठून सुरू करावा?

कळमेश्वरचा बागायतदार (मूळ प्रश्न)

नमस्कार. कळमेश्वर तालुक्यात आमची ११ एकर शेती आहे. त्यांपैकी ६ एकरांत संत्र्याची बाग आहे, उरलेल्या जमिनीत कपाशी, तूर आणि चाऱ्याचे पीक असते आणि ८ गवळाऊ गाई व ३ म्हशींचा एक जुना, मोडकळीला आलेला कोठा आहे. आजवर आम्ही नागपुरात राहून ही शेती सांभाळली. परंतु वडिलांना आता रोजचा प्रवास झेपत नाही आणि माझा स्वतःचा ओढा पूर्णपणे शेतीकडे असल्यामुळे येत्या वर्षी आईवडील, पत्नी, मुलगी आणि मी अशा पाच जणांनी वावरातच कायमचे राहायला जाण्याचे ठरवले आहे. सालदाराच्या कुटुंबासाठीही दोन खोल्या बांधायच्या आहेत.

शहरातील एका वास्तुविशारदाने आम्हाला जो पहिला आराखडा दिला, तो दिसायला सुंदर असला तरी तो पाहून मन मानत नाही. बैठकीच्या खोलीला पश्चिमेकडे, म्हणजे बागेच्या बाजूला, जमिनीपासून छतापर्यंत काच आहे, स्वयंपाकघर मागच्या कोपऱ्यात आहे आणि कोठा घरापासून शक्य तितका लांब, नजरेआड ढकललेला आहे. वडिलांचे म्हणणे असे की, कोठा हाकेच्या अंतरावर असला पाहिजे, कारण गाय रात्री विणार असेल तर कोणाला तरी तासातासाला उठून पाहावे लागते. पत्नीला माशा आणि वास यांची काळजी वाटते आणि तीही रास्तच आहे.

जागेची माहिती देतो. जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे हलकी उतरती आहे. विहीर ईशान्येला, उताराच्या तळाशी आहे. रस्ता दक्षिणेच्या धुऱ्याला लागून आहे. बाग पश्चिमेला आणि उत्तरेला आहे. विहिरीजवळ खोदताना सुमारे ५ फूट काळी माती आणि त्याखाली मुरूम लागला होता. घर, कोठा, चाऱ्याची जागा, औजारांचे शेड आणि संत्र्याची प्रतवारी करण्याची जागा यांपैकी आधी काय ठरवावे, कोणते अंतर किती ठेवावे आणि उन्हाळ्यात घर राहण्याजोगे कसे ठेवावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

काटोलची शेतकरीण

दादा, आपला प्रश्न वाचून आमचे पहिले वर्ष आठवले. आम्ही १३ वर्षांपूर्वी बागेत घर बांधले, तेव्हा नागपुरातील नातेवाइकांच्या बंगल्याचा नकाशाच थोडाफार बदलून वापरला होता. समोर पोर्च, त्यामागे बैठक आणि सर्वांत मागे स्वयंपाकघर. राहायला गेल्यावर महिनाभरातच ध्यानात आले की, समोरच्या दाराने पाहुण्यांशिवाय कोणीही येत नाही. दुधाच्या बादल्या, ढेपेची पोती, भाजीची टोपली, फवारणी करून आलेला माणूस, पावसात चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेले पाय, हे सगळे मागच्या अरुंद दारातून थेट स्वयंपाकघरात येऊ लागले. शेवटी चौथ्या वर्षी आम्ही मागची भिंत फोडून तेथे ८ फूट रुंदीची ओसरी, हातपाय धुण्यासाठी मोठी मोरी आणि कामाचे कपडे टांगण्यासाठी जागा केली. आज आमचे खरे घर त्या ओसरीपासून सुरू होते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, खोल्या काढण्याआधी आपल्या घरातील प्रत्येक माणसाचा एक दिवस कागदावर काढा. पहाटे धार काढायला कोण कोठून निघते, दूध कोठे ठेवले जाते, सालदार सकाळी कोणत्या जागी येऊन उभा राहतो, व्यापारी माल पाहायला आला की कोठे बसतो, मजुरांचा हिशेब कोठे होतो, हे सर्व बाणांनी दाखवा. आमच्याकडे व्यापारी आणि मजूर यांच्यासाठी वेगळी खोली नव्हती, त्यामुळे आंबिया बहराच्या तोडणीत, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, घरातल्या घरात मोकळेपणाने वावरता येत नसे. ओसरीला लागून बाहेरच्या बाहेर दार असलेली १० बाय १० फुटांची एक खोली ठेवा. शेतीची कागदपत्रे, बियाणे, जनावरांची औषधे आणि हिशेबाच्या वह्या तेथेच राहतील. कीटकनाशके मात्र त्या खोलीतही ठेवू नका. त्यांची खोली कुलपाची, हवा खेळती असणारी आणि घर, कोठा व विहीर या तिन्हींपासून दूर असावी.

स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभे राहिल्यावर कोठा आणि फाटक ही दोन्ही दिसली पाहिजेत. आमच्या सासूबाईंनी हा आग्रह धरला होता आणि तो आम्ही मानला नाही, याची मला आजही खंत आहे. दिवसाचा मोठा भाग ज्या जागी जातो, तेथून शेत दिसत नसेल तर शेतात राहण्याचा अर्धा उपयोग गेला.

दुसरी मोठी चूक कोठ्याची झाली. आम्ही तो घराच्या पश्चिमेला, जुन्या पायावरच पुन्हा उभा केला, कारण पाया तयार होता. आमच्याकडे उन्हाळ्यात वारा बहुतांशी पश्चिम-वायव्येकडून येतो, त्यामुळे मार्चपासून पाऊस सुरू होईपर्यंत धूळ, कुटार (भुसा) आणि वास थेट खिडक्यांत येई. तीन वर्षे सोसून आम्ही कोठा हलवला. आपल्या जागेवर घराची जागा ठरवण्याआधी एका उंच बांबूला कापडाची पट्टी बांधून ठेवा आणि प्रत्येक ऋतूत वारा कोणत्या वेळी कोठून येतो, ते वहीत लिहून ठेवा. यासाठी पैसा लागत नाही, फक्त धीर लागतो.

आणि ट्रकचा विचार आधी करा. परतीचा पाऊस पडून गेलेला असतो, काळी माती ओली असते आणि नेमकी तेव्हाच संत्र्याची गाडी भरायची असते. प्रतवारीची जागा रस्त्याजवळ ठेवून तेथपर्यंत दगड व मुरूम घालून पक्का रस्ता केला, तर गाडी घराच्या अंगणात येण्याची गरजच पडत नाही.

निवृत्त बांधकाम अभियंता, नागपूर

ताईंनी लिहिलेले फार मोलाचे आहे. मी फक्त जमिनीविषयी लिहितो, कारण शेतातील घरांना पडलेल्या भेगा मी आयुष्यभर पाहिल्या आहेत आणि त्यांतील बहुतेक टाळता आल्या असत्या.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते; मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच घराखालीही घडत असते. ५ फुटांवर मुरूम लागत असेल तर आपण सुदैवी आहात. पाया काळ्या मातीत कोठेही न थांबवता मुरमात किमान फूट-दीड फूट खाली न्या. मात्र विहिरीजवळच्या खोलीवर विसंबू नका. घराच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्यभागी खड्डे घेऊन पाहा, कारण उताराच्या वरच्या भागात काळा थर पातळ आणि खालच्या भागात जाड असण्याचा संभव असतो. मुरूम फार खोल गेला, तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केलेले, तळाशी फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, वापरतात. ते साधारणतः साडेतीन मीटर किंवा अधिक खोल असतात आणि फुगवट्याचा व्यास खांबाच्या अडीचपट ठेवला जातो. अशा वेळी जोत्याची तुळई जमिनीला टेकवायची नसते. तिच्याखाली सुमारे ८ सेंटिमीटर पोकळी ठेवायची असते, म्हणजे माती फुगली तरी तुळईला वर उचलत नाही.

जोत्याच्या आत भरावासाठी खणून निघालेली काळी माती परत टाकू नका. मजूर ती सहज टाकतात, कारण ती शेजारीच पडलेली असते, आणि दोन वर्षांनी फरशी वर येते. भराव मुरमाचाच हवा, थराथराने पाणी मारून ठोकलेला. घराभोवती ५ ते ६ फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला पक्का पट्टा करा, म्हणजे छपराचे पाणी पायाशी मुरणार नाही.

आता एक गोष्ट, जी शहरातील नकाशात कोणी दाखवत नाही. संत्र्याच्या बागेला आपण बहर धरण्यासाठी ताण देतो, म्हणजे काही आठवडे पाणी तोडतो आणि मग भरपूर पाणी सोडतो. पायाच्या मातीसाठी याहून घातक काही नाही. एका भिंतीखालची माती ओली आणि समोरच्या भिंतीखालची कोरडी, असा फरक वर्षातून एकदा ठरवून पडत असेल, तर घर कितीही लोखंड घातले तरी तक्रार करणारच. संत्र्याची लागवड साधारणतः २० बाय २० फुटांवर असते. घराच्या बाजूची निदान पहिली ओळ मोकळी सोडा आणि ठिबकची मुख्य नळी व तिचे व्हॉल्व्ह भिंतीपासून लांब ठेवा, कारण गळती नेहमी जोडापाशीच होते. पश्चिमेला सावलीसाठी कडुनिंब लावणार असाल, तर झाड पूर्ण वाढल्यावर जेवढे उंच होईल तेवढे अंतर भिंतीपासून सोडावे.

सांडपाण्याचा शोषखड्डा काळ्या मातीत चालत नाही. पावसाळ्यात पाणी मुरतच नाही. तो मुरमापर्यंत न्यावा लागेल आणि पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे ६० फूट दूर ठेवावा लागेल. आपल्या उताराचा विचार करता मी अंतर याच्या दुप्पट ठेवले असते. न्हाणीघराचे व भांड्यांचे पाणी वेगळे काढून केळी-कर्दळीच्या पट्ट्यात सोडावे.

वास्तुविशारद, धरमपेठ

आपल्या पहिल्या आराखड्यातील पश्चिमेची काच काढून टाका, असे स्पष्टपणे सांगतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी चारनंतर सूर्य इतका खाली असतो की, कितीही रुंद छज्जा काढला तरी ऊन सरळ खोलीत येते. पश्चिमेला कोठी, जिना, न्हाणीघर आणि औजारांची खोली अशा जागा ठेवाव्यात, ज्या तापल्या तरी चालतात आणि आतल्या खोल्यांचे रक्षण करतात. बाग उत्तरेलाही आहे, तेव्हा बागेकडे पाहणारी मोठी खिडकी उत्तरेला घ्या. तेथे दिवसभर शांत उजेड मिळतो.

दक्षिणेचा हिशेब सोपा आहे. आपण सुमारे २१ अक्षांशावर आहोत. २२ डिसेंबरला भरदुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो आणि २१ मार्चला ६९ अंशांवर. ४ फूट उंचीच्या दक्षिण खिडकीवर लगतच २ फुटांचा छज्जा असेल, तर मार्चपासून पुढे दुपारी पूर्ण खिडकी सावलीत राहते आणि डिसेंबरात खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून ऊन आत येते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, म्हणून आपल्याकडे भिंतींपेक्षा छतच अधिक तापते. स्लॅबवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी बसवा. पूर्वीच्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांतील मातीचा जाड थर जे काम करी, त्यातील काही भाग हा पांढरा थर ऊन परतवून करतो.

कवेलूंचे (कौलांचे) छप्पर मलाही फार आवडते. सेवाग्रामची बापूकुटी पाहून ज्याला ते आवडत नाही, असा माणूस विरळा. कुडाच्या व मातीच्या भिंती, खाली उतरलेले छप्पर आणि सावलीची ओसरी एवढ्या साधनांनी १९३० च्या दशकात वर्धेच्या उन्हाला दिलेले ते उत्तर आजही अभ्यासण्यासारखे आहे. आराखडा पक्का करण्यापूर्वी सर्व कुटुंबाने एकदा मे महिन्यातील दुपारी तेथे जाऊन बसावे. परंतु शेतात वानरांच्या टोळ्या कवेलू फोडतात आणि फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीत उरलेले फुटतात, म्हणून ते फक्त ओसरीवर, खाली पत्रा टाकून वापरावेत.

भिंतींसाठी कोराडी आणि खापरखेडा येथील वीजकेंद्रांच्या राखेपासून बनणाऱ्या विटा आपल्या भागात सहज मिळतात. त्या उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवणारी रॅट-ट्रॅप पद्धत लॉरी बेकर यांनी आपल्या देशात रुजवली. तिच्यात सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीतील हवा उष्णता अडवते. हे काम केलेला मिस्त्री मात्र आधी शोधा.

कूलरची जागा नकाशातच ठरवा. आपल्याकडे मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत हवा कोरडी असल्याने कूलर उत्तम चालतो. पण लोक खिडकी अडवून तो बसवतात आणि हवा बाहेर जायला वाट ठेवत नाहीत. प्रत्येक झोपण्याच्या खोलीला खिडकीखाली कूलरसाठी स्वतंत्र झडप, बाहेर सावलीतला ओटा, पाण्याची नळी आणि समोरच्या भिंतीत वर झरोका ठेवा. उन्हाळ्यात रात्री अंगणात बाज टाकून झोपण्याची आपली सवय शेतात जपायची असेल, तर जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच आणि चारही बाजूंनी जाळी लावलेली ओसरी करा. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला त्याचा धोका सर्वांत जास्त असतो, म्हणून जाळीच्या आतही बाजेवरच झोपावे.

कळमेश्वरचा बागायतदार

सर्वांचे मनापासून आभार. ताणाच्या पाण्याचा आणि पायाचा असा संबंध असेल, हे कधी मनातही आले नव्हते. आता कोठ्याच्या जागेचाच पेच उरतो. वारा पाहता कोठा घराच्या पूर्वेला हवा, पण पूर्वेला उताराच्या तळाशी विहीर आहे. शिवाय वडिलांना तो जवळ हवा आहे. पशुवैद्यक मंडळींपैकी कोणी यावर सांगू शकेल काय?

पशुवैद्यक, नागपूर जिल्हा

आपल्या वर्णनावरून कोठ्यासाठी आग्नेय कोपरा मला योग्य वाटतो. विहीर ईशान्येला असल्यामुळे मूत्र व धुण्याचे पाणी दक्षिणेकडे, चाऱ्याच्या शेतात वळवता येईल. घर त्याच्या वायव्येला ठेवले, तर उन्हाळ्यातील वारा वास घरापासून दूर नेईल आणि पावसाळ्यातील नैर्ऋत्येचा वारा तो घराला लागू न देता ईशान्येकडे नेईल. ८० ते १०० फूट अंतर पुरेसे आहे; एवढ्यावरून गाईचे हंबरणे ऐकू येते आणि रात्री विजेरी घेऊन जाणे जिवावर येत नाही. विण्याच्या गाईसाठी १० बाय १० फुटांची स्वतंत्र खोली कोठ्याच्या घराकडील टोकाला करा आणि घरापासून तेथपर्यंत दिवा असलेली, दोन्ही बाजूंनी मोकळी, फरसबंद पाऊलवाट ठेवा. वडिलांची अडचण अंतरापेक्षा वाटेची अधिक असते, असा माझा अनुभव आहे.

कोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे आडवे ऊन आत शिरत नाही. छपराखाली गाईला साडेतीन आणि म्हशीला चार चौरस मीटर जागा धरा आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा बाहेर, झाडाच्या सावलीत द्या. जमीन खरबरीत सिमेंटची आणि गटाराकडे चाळीस फुटांना एक फूट उताराची असावी. गुळगुळीत फरशीवर म्हैस घसरून पडली तर ती पुन्हा उभी राहीलच, याची खात्री देता येत नाही. म्हशींना उन्हाळ्यात अंगावर पाणी लागतेच, त्यासाठी फवाऱ्याची नळी आताच टाकून घ्या.

कुटार आणि कडबा घराला किंवा कोठ्याला चिकटून ठेवू नका. त्यात उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात, आणि एक ठिणगी पडली तर दोन्ही जातात. चाऱ्याचे शेड ५० फुटांवर आणि विजेच्या तारांपासून बाजूला असावे. आपल्या भागात बिबट्याचा वावर आहे, म्हणून वासरांच्या कप्प्याला वरूनही जाळी हवी; भिंत कितीही उंच असली तरी त्याला ती पुरत नाही.

आपल्या ११ जनावरांच्या शेणात २ घनमीटरचे गोबरगॅस संयंत्र आरामात चालेल. त्याला रोज सुमारे ५० किलो शेण लागते आणि पाच जणांचा बहुतांश स्वयंपाक त्यावर होतो. ते कोठा व घर यांच्या मधे, पण विहिरीच्या विरुद्ध बाजूला घ्या, आणि नळीला उतार द्या, नाहीतर तिच्यात पाणी साचून गॅस अडतो.

काटोलची शेतकरीण

एक राहिले. शेतीपंपाच्या जोडणीवरून घरात वीज घेता येत नाही. घरगुती जोडणीचा अर्ज बांधकाम सुरू होण्यापूर्वीच करा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील शेतघराच्या व्याख्येत चारा व औजारांची साठवण, गुरांचा निवारा आणि शेतकऱ्याच्या कुटुंबाचे व नोकरांचे राहणे या सर्वांचा समावेश आहे. तरीही कळमेश्वर तालुक्यातील काही गावे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येतात, म्हणून आपले गाव त्यात आहे का, हे पाहून मगच परवानगीचा मार्ग ठरवा.

कळमेश्वरचा बागायतदार

आज सायंकाळी आम्ही सर्वजण हे उत्तरांसह मोठ्याने वाचून पुन्हा एकदा कागद घेऊन बसलो. आग्नेयेला कोठा, दक्षिणेच्या धुऱ्यालगत प्रतवारीची जागा, वायव्येकडे थोड्या उंचीवर घर आणि पूर्वेला, कोठ्याकडे तोंड करून कामाची ओसरी व मोरी, असे ठरले आहे. स्वयंपाकघर ओसरीला लागूनच असेल. आईने ओट्याची जागा स्वतः दाखवली. घराच्या बाजूची संत्र्याची एक ओळ काढावी लागणार, याचे वडिलांना वाईट वाटले, कारण ती झाडे त्यांनी स्वतः लावली आहेत. पण ती म्हातारी झाली असून फळ कमी देतात, हे त्यांनीच पुढे होऊन सांगितले.

रविवारी फक्कीने जमिनीवर रेषा आखून पाच ठिकाणी खड्डे घेणार आहोत आणि बांबूला पट्टी बांधणार आहोत. पाऊस संपेपर्यंत वारा कोठून येतो आणि पाणी कोठून वाहते, ते पाहून मगच पाया खणू. मुरूम कोठे किती खोल लागला, ते खड्डे झाल्यावर येथेच लिहीन. अभियंता काकांनी तेव्हा एकदा पाहावे, ही विनंती.